टेड लिंडसे : एक आडदांड खेळाडू आणि खेळाडूंची संघटना

व्यावसायिक क्रीडेच्या इतिहासात खेळाडूची थोरवी सामान्यतः आकड्यांनी मोजली जाते. कॅनडाचा आइस हॉकीपटू टेड लिंडसे ह्याच्या बाबतीत मात्र हे माप अपुरे पडते.

लिंडसेचा जन्म 1925 साली ऑन्टेरिओ प्रांतातील रेनफ्रू येथे झाला. त्याचे वडील बर्ट लिंडसे हेही व्यावसायिक गोलरक्षक होते. 1944 मध्ये तो डेट्रॉइट रेड विंग्ज ह्या संघात दाखल झाला. सिड एबल व गॉर्डी हाउ ह्यांच्यासह त्याची आघाडीची फळी ‘प्रॉडक्शन लाइन’ म्हणून प्रसिद्धी पावली. डेट्रॉइटने 1950, 1952, 1954 आणि 1955 साली स्टॅन्ली चषक जिंकला. उंचीने बेताचा असूनही लिंडसे धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांशी बेधडक भिडत असे. ‘टेरिबल टेड’ हे नाव त्याला त्यावरूनच पडले. कारकीर्दीतील 1,068 सामन्यांत त्याने 379 गोल केले आणि 1,808 मिनिटांची शिक्षा भोगली.

तथापि त्याची खरी कसोटी मैदानाबाहेर लागली. त्या काळी नॅशनल हॉकी लीगमध्ये सहाच संघ होते व करारामुळे खेळाडू आपल्या संघाशी जखडलेला असे. 1947 साली स्थापन झालेल्या निवृत्तिवेतन निधीत खेळाडू वर्गणी भरीत. परंतु त्याचा हिशेब मागितला असता मालकांनी तो दाखविला नाही. तेव्हा लिंडसेने मॉन्ट्रियलच्या डग हार्वे आदी खेळाडूंना एकत्र आणून फेब्रुवारी 1957 मध्ये संघटना जाहीर केली. मैदानावर ज्यांच्याशी हाडवैर, त्यांच्याशीच ही हातमिळवणी होती!

मालकांचे प्रत्युत्तर लवकरच आले. 1956-57 च्या हंगामात लिंडसेने 30 गोल व 55 साहाय्ये मिळून 85 गुण मिळविले होते. तरीही जुलै 1957 मध्ये त्याची रवानगी लीगमधील दुबळ्या अशा शिकागो संघात झाली. त्याच्यामागे डेट्रॉइटच्याच खेळाडूंनी नोव्हेंबरमध्ये संघटनेशी संबंध तोडले. फेब्रुवारी 1958 मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड होऊन 7,000 डॉलरांचे किमान वार्षिक वेतन मान्य झाले. पण संघटना मात्र निकालात निघाली.

ह्या घटनेस केवळ पराभव म्हणणे युक्त नव्हे. खेळाडूंच्या गाऱ्हाण्यांना प्रथमच सामुदायिक वाचा फुटली आणि 1967 साली स्थापन झालेल्या नव्या संघटनेस मालकांना मान्यता द्यावी लागली. 1966 मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवड झाली असताही, समारंभास कुटुंबीयांना प्रवेश नाही म्हणून लिंडसे तेथे गेला नाही. 2010 पासून खेळाडूंनी स्वतः निवडलेल्या सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक त्याच्या नावे दिले जाते. 2019 साली तो निवर्तला. ज्या सहकाऱ्यांनी 1957 साली त्याची साथ सोडली, त्यांच्या वारसांनीच दिलेला हा मान त्याच्या कार्याचा यथोचित निर्वाळा होय.