फायटिंग गेमचा हायलाइट व्हिडिओ खरा की बनवलेला? ‘मोमेंट ३७’ नीट समजून घेऊ

हायलाइट व्हिडिओ म्हणजे पूर्ण सामन्यातून कापून काढलेले मोजके क्षण. त्यावर आक्षेप साधारण तीनच येतात: नशीब होतं, एडिटिंग आहे, हरलेलं लपवलंय. मागे कामठीतल्या एका मित्राने मी बनवलेली ‘टेकन’ची क्लिप बघून विचारलं, “काय बे, हरलेला राउंड कुठं गेला?” उत्तर म्हणून मी जगातली सगळ्यात गाजलेली क्लिप पुढे केली, आणि तिथेच फसलो.

ती क्लिप २००४ ची. कॅलिफोर्नियातली इव्हो स्पर्धा, गेम ‘स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक’. जपानचा डाइगो उमेहारा ‘केन’ घेऊन, अमेरिकेचा जस्टिन वाँग ‘चुन-ली’ घेऊन. केनची लाइफ नावापुरतीच उरलेली. या गेममध्ये स्पेशल हल्ला ब्लॉक केला तरी थोडी लाइफ जातेच (याला चिप डॅमेज म्हणतात), म्हणजे ब्लॉक केलं तरी हार पक्की. वाँगने लाथांचा सुपर मारला. डाइगोने १५ च्या १५ वार ‘पॅरी’ केले, शेवटचा तर हवेत उडी मारून, आणि लगेच कॉम्बो मारून राउंड जिंकला.

पॅरी करायची तर वार लागायच्या अगदी आधी स्टिक प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने हलकेच ढकलायची. दाबून धरलं तर चालत नाही, दर वाराला नव्याने ढकलावी लागते. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, आणि पॅरीला मुभा थोड्याच फ्रेमची. पहिला वार बघून अडवायला तर वेळच नसतो, सुपर येणार हे आधी ओळखावं लागतं. तेवढ्यापुरता अंदाज होता, हे मान्य. पण पुढचे १४ नशिबाने जमत नाहीत, लय हातात बसलेली लागते.

“आणि स्पर्धा जिंकला का तो?” मित्राने विचारलं. मी छातीठोकपणे ‘हो’ म्हणालो. नंतर बघितलं तर हा सामना लूझर्स फायनलचा होता. ग्रँड फायनलमध्ये डाइगो केंजी ओबाटाकडून हरला. क्लिप खरीच आहे, फक्त ती आधीच थांबते.

आता एडिटिंगचं. गेममधला रिप्ले हा सहसा व्हिडिओ नसतोच. कोणत्या फ्रेमला कोणतं बटण दाबलं एवढीच नोंद ठेवलेली असते आणि गेम त्यावरून सामना पुन्हा चालवून दाखवतो. इनपुट तेच, तर निकालही तोच. म्हणून ही फाइल अगदी छोटी असते, आणि म्हणूनच अपडेटमध्ये एखाद्या हल्ल्याचं डॅमेज बदललं की जुने रिप्ले निकामी होतात. ‘स्ट्रीट फायटर ६’सारख्या गेममध्ये रिप्ले बघताना दाबलेली बटणंही स्क्रीनवर दिसतात. शंका आली तर हे दाखवा, वाद घालत बसू नका.

एक बारीक गोष्ट बघा: ६० फ्रेमचा गेम ३० फ्रेमने रेकॉर्ड केला तर निम्म्या फ्रेम गायब होतात. मग हात न लागताच समोरचा पडल्यासारखा दिसतो आणि लोक म्हणतात, कापलंय. माझ्या क्लिपमध्ये हेही झालं होतं.

मित्राला शेवटी पूर्ण सामन्याचा रिप्ले दाखवला, तो राउंड धरून. ११ सेकंदांत हरलोय मी त्यात.