अर्धा टक्का कशाचा?

‘सहसंबंध ऊर्जा एकूण ऊर्जेचा जेमतेम एक टक्का, हार्ट्री-फॉक पद्धतीने नव्व्याण्णव टक्के हाती आल्यावर उरलेल्या किरकोळीसाठी एवढा खटाटोप कशाला?’ हा पूर्वपक्ष वर्गांतून चांगलाच मुरला आहे. त्यातला आकडा खोटा नाही. घोटाळा आहे तो टक्केवारी कशाची काढली यात.

पाण्याच्या रेणूची एकूण ऊर्जा सुमारे उणे ७६.४ हार्ट्री (हे अणुपातळीवरचे ऊर्जेचे एकक). सहसंबंधाचा वाटा त्यातला ०.३७, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. पण हे ०.३७ म्हणजे मोलमागे सुमारे २३० किलोकॅलरी, आणि पाण्याचे तिन्ही अणू सुटे करायलाही जवळपास तेवढीच ऊर्जा लागते! एकूण ऊर्जेचा डोंगर उभा असतो केंद्रकाला चिकटलेल्या आतल्या इलेक्ट्रॉनांवर. रसायनशास्त्राचा संसार चालतो तो फरकांवर.

हार्ट्री-फॉकमध्ये प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्यांच्या सरासरी ढगाशी वागतो. चेन्नईतल्या गिंडीच्या तुडुंब बसमध्ये मात्र कोणी सरासरी गर्दीला चुकवत नाही, शेजाऱ्याचे कोपर चुकवतो. हे चुकवणे म्हणजेच सहसंबंध. तो गाळला की फ्लोरिनचा रेणू दोन सुट्या अणूंपेक्षा जास्त ऊर्जेचा ठरतो, म्हणजे तो बांधलाच जात नाही. प्रत्यक्षात तो बंध तोडायला मोलमागे ३७ किलोकॅलरी पडतात.

यावर उत्तर येते की चूक दोन्ही बाजूंना सारखीच, वजाबाकीत ती निघून जाईल. अभिक्रियेच्या दोन्हीकडे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या सारख्याच जातीच्या असतील, तर हे बऱ्यापैकी खरे. बंध तुटला की जोडीच फुटते, मग वजा काय करणार? आणि आरगॉनचे काय? त्याचे दोन अणू हार्ट्री-फॉकच्या हिशेबी एकमेकांना ओढतच नाहीत. तरी उणे १८६ अंश सेल्सिअसला आरगॉनचा द्रव होतो.

याच आरगॉनच्या ३एस उपकवचावर प्रकाश पाडा. सुटासुटा हिशेब केला, तर इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याची शक्यता उंबरठ्याजवळ चांगली ठळक येते. शेजारच्या ३पी इलेक्ट्रॉनांशी असलेला सहसंबंध धरला, तर फोटॉनची ऊर्जा चाळीस इलेक्ट्रॉन व्होल्टच्या थोडी पुढे गेल्यावर ही शक्यता जवळजवळ शून्यावर येते. प्रयोग दुसऱ्या हिशेबाच्या बाजूने आहे. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये प्रणव देशमुखांनी अणूंच्या प्रकाश-आयनीभवनावर वर्षानुवर्षे काम केले ते याच वाटेने, सापेक्षतावादही सोबत घेऊन. शून्य आणि ठळक यांतल्या फरकाला कोणी किरकोळ म्हणणार असेल, तर त्याने टक्केवारी पुन्हा काढावी.