परवान्याच्या वाटेने : बॉम्बे हेम्प कंपनीची वाटचाल

मुंबईत २०१३ साली सात तरुणांनी एकत्र येऊन ‘बॉम्बे हेम्प कंपनी’ स्थापन केली. पुढे ती ‘बोहेको’ या नावाने ओळखली जाऊ लागली. जहान पेस्टन जमास, यश कोटक, सुमित शाह, अवनीश पंड्या, चिराग टेकचंदानी, डेलझाद देवळालीवाला आणि सनवर ओबेरॉय हे ते सात जण. ही आडनावे एका ओळीत वाचली तरी संस्था कोणत्या शहरात जन्मली हे सांगावे लागत नाही. भांगेच्या झाडापासून धागा, अन्न आणि औषध मिळवायचे, आणि तेही कायद्याच्या चौकटीत राहून, हा त्यांचा संकल्प होता. त्यातली चौकटीची अट सर्वांत अवघड ठरली.

अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘एनडीपीएस’ कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. त्याने चरस आणि गांजा यांवर बंदी घातली. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा किंवा फळलेला शेंडा, असे कायदा म्हणतो. शेंड्याशिवाय आलेली पाने आणि बिया त्याने व्याख्येबाहेर ठेवल्या. कलम ८ मध्ये बंदी आहे आणि त्याच कलमात वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगासाठी परवान्याने सूटही आहे. कलम १० राज्य सरकारांना लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार देते, तर कलम १४ धागा, बी आणि बागायती यांसाठी लागवडीची मुभा देते. औषधाचे दार कायद्याने कधीच बंद केलेले नव्हते. मात्र ‘बोहेको’ सुरू झाली तेव्हा कायद्याला जवळजवळ तीस वर्षे होत आली होती आणि हे दार फारसे कोणी ठोठावलेले नव्हते. बंदीची कलमे पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतात. सवलतीची कलमे मात्र ज्याला गरज आहे त्यालाच शोधून काढावी लागतात.

महाराष्ट्रात आणखी एक भिंत होती. एनडीपीएसने मोकळे सोडलेले पान, म्हणजे भांग, राज्यात १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली येते. (आता त्या कायद्याच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आहे.) उत्तर प्रदेश आणि राजस्थानात सरकारमान्य भांगेची दुकाने आहेत. इथे मात्र परवान्याशिवाय भांग बाळगणे हाच गुन्हा आहे आणि त्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाची नजर असते. होळीच्या थंडाईचे कौतुक करणाऱ्या मुंबईकरांना हे सहसा ठाऊक नसते.

या मातीला हे झाड नवे नाही. गांजाच्या लागवडीसाठी मुंबई इलाख्यातला नगर जिल्हा एकेकाळी प्रसिद्ध होता. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने देशभर ११९३ साक्षी नोंदवल्या. बेताच्या सेवनाने विशेष अपाय होत नाही आणि सरसकट बंदी उपयोगाची नाही, असा निष्कर्ष त्याने १८९४ मध्ये दिला. आयुर्वेदात तर ‘विजया’ या नावाने भांग जातीफलादी चूर्णासारख्या योगांत शतकानुशतके आहेच. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांनी तिला विषारी द्रव्यांच्या ई-१ अनुसूचीत ठेवले. मात्र परवानाधारक आयुर्वेदिक कारखान्याला ती वापरता येते. अशा औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना छापणे बंधनकारक आहे. पुढे संस्थेची औषधे बाजारात आली ती याच वाटेने.

सुरुवातीची वर्षे मात्र धाग्याची आणि बियांची होती. कापड, तेल आणि खाद्यबिया यांवर भर राहिला. गांजा आणि औद्योगिक हेम्प यांतला फरक प्रत्येक कार्यालयात नव्याने समजावून सांगणे हेच मोठे काम होते. हेम्पमध्ये नशा आणणारा टीएचसी हा घटक अत्यल्प असतो. उत्तराखंडाने नंतर त्याची मर्यादा ०.३ टक्के ठरवली आणि २०१८ मध्ये लागवडीचा परवाना दिला. उद्योगजगतातल्या रतन टाटा आणि राजन आनंदन यांच्यासारख्यांनी संस्थेत गुंतवणूक केली. पैशांइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, त्या नावांचे मोल होते. ज्या विषयावर कोणी उघडपणे बोलत नसे, त्याला त्यांनी प्रतिष्ठा दिली.

दुसरा टप्पा शास्त्राचा. जम्मू येथील भारतीय एकात्मिक वैद्यक संस्था ही सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची, प्रयोगशाळा. तिचे तत्कालीन संचालक डॉ. राम विश्वकर्मा यांच्या काळात तिथे परवानगीने भांगेच्या झाडावर संशोधन सुरू झाले आणि ‘बोहेको’ त्यात सहभागी झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये दोन्ही संस्थांनी मिळून दिल्लीत परिषद घेतली. विषय होता भांगेच्या झाडाचा शास्त्रीय, वैद्यकीय आणि कायदेशीर विचार. केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह तिला उपस्थित होते. कर्करोग, अपस्मार आणि सिकल सेल या आजारांचा उल्लेख तिथे झाला. त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेने अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी याच झाडातल्या सीबीडी या घटकापासून बनवलेले औषध मंजूर केले होते. त्यामुळे चर्चा केवळ आशेवर उभी नव्हती. तरीही प्रयोगशाळेतून औषधाच्या दुकानापर्यंतचे अंतर मोठे असते आणि ते परिषदांनी कापले जात नाही.

२०२० हे वर्ष दुहेरी गेले. महामारीचा फटका होताच. त्यात सप्टेंबर महिन्यात हिंदी चित्रपटसृष्टीतील अमली पदार्थांच्या चौकशीच्या बातम्यांत सीबीडी तेलाचे नाव गाजले आणि औषध घेणारे रुग्ण व नशा करणारे यांना एकाच रांगेत बसवले गेले. कित्येक वर्षे कणाकणाने जमवलेला लोकांचा विश्वास काही आठवड्यांच्या वृत्तवाहिन्यांनी हलवला. मात्र त्याच वर्षी २ डिसेंबर रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने भांगेच्या झाडाला अमली पदार्थांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक, चौथ्या अनुसूचीतून वगळले. मतदान २७ विरुद्ध २५ असे झाले. भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. मुंबईत चौकशीच्या मथळ्यांची शाई वाळण्याआधीच दिल्लीने जगापुढे घेतलेली ही भूमिका होती.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हेम्पचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली आणि टीएचसीच्या मर्यादाही आखून दिल्या. बी किराणामालाच्या रांगेत आले. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी एका जामीन प्रकरणात गांजाची व्याख्या पुन्हा स्पष्ट केली. शेंडा नसेल तर सुटी पाने आणि बिया म्हणजे गांजा नव्हे. हा निर्णय संस्थेच्या खटल्यातला नव्हता, पण संस्थेचे सारे काम ज्या व्याख्येवर उभे आहे तिला त्याने बळ दिले.

या व्याख्येचे वजन उपनगरात कळते. गांजाची लहान मात्रा म्हणजे एक किलोपर्यंत. ती बाळगल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि अशी प्रकरणे विक्रोळीच्या दंडाधिकारी न्यायालयासारख्या न्यायालयांत चालतात. व्यावसायिक मात्रा वीस किलोंच्या वर सुरू होते. तिथे किमान शिक्षाच दहा वर्षांची. त्याच विक्रोळीतल्या एखाद्या रुग्णाला वैद्याच्या चिठ्ठीवर परवानाधारक कारखान्याचे विजयायुक्त आयुर्वेदिक औषध मात्र कायद्याने मिळू शकते. अट इतकीच की बाटलीवर परवाना क्रमांक आणि देखरेखीची सूचना हवी, आणि चिठ्ठी जवळ हवी. दुकानातून बेनामी विकल्या जाणाऱ्या ‘तेला’ला हे संरक्षण नाही.

आज संस्था हेम्प बियांचे खाद्यपदार्थ, त्वचेची उत्पादने आणि आयुषच्या परवान्याखालील विजया-अर्क अशा तिन्ही आघाड्यांवर काम करते. औषधे वैद्यकीय सल्ल्यानंतरच दिली जातात. सात संस्थापकांपाठोपाठ वैद्य, औषधनिर्माते, जम्मूचे शास्त्रज्ञ, वकील आणि डोंगरातले शेतकरी असे अनेक हात या कामाला लागले. महाराष्ट्राने उत्तराखंडासारखे लागवडीचे धोरण अजून स्वीकारलेले नाही. त्यामुळे मुंबईत नाव घेतलेल्या या झाडाचा कच्चा माल राज्याबाहेरून येतो. कलम १० चा अधिकार राज्याकडे आहे आणि तो वापरण्याचा निर्णय मंत्रालयाच्या हाती आहे.