धुराड्याची टोपी

गेल्या जानेवारीत अमेरिकेतल्या बफेलो शहरातून माझ्या मावसभावाने दोन छायाचित्रे पाठवली. पहिल्यात त्याच्या बैठकीतल्या शेकोटीवरची भिंत होती आणि तिच्यावर तपकिरी ओल उतरली होती. दुसरे छपरावरून काढलेले होते. विटांच्या धुराड्याच्या माथ्यावरचा सिमेंटचा थर तडकून एक कोपरा निघून गेलेला, वर बर्फ साचलेले. घर शंभर वर्षांचे. खाली त्याने लिहिले होते, ‘दादा, तू फिटर माणूस. पाणी नेमके कुठून येते ते सांग.’

भोसरीच्या एका कारखान्यात देखभाल विभागात माझे आयुष्य गेले. पत्रा, पाइप, बॉयलर ही माझी विद्यापीठे. वाचनाची खोड नंतर लागली. त्याला उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आले की हाच प्रश्न माझ्या आईने मला पस्तीस वर्षांपूर्वी घातला होता. तेव्हा मी उत्तर दिले नव्हते. हा लेख त्या दोन्ही प्रश्नांतून निघाला आहे.

आधी बफेलोचे पाहू, कारण तिथे दोष स्पष्ट दिसतो. बर्फाळ मुलखातल्या जुन्या घरांत विटांचे धुराडे छपराच्या वर उभे असते. त्याच्या आत भाजक्या मातीची नळी असते आणि नळीभोवतीच्या विटा झाकायला वर सिमेंटचा उतरता थर देतात. त्याला आपण माथा म्हणू. नळीच्या तोंडावर जाळीची पत्र्याची टोपी असते. माथ्याने विटांवर पडणारे पाणी बाहेर टाकायचे, टोपीने नळीत पडणारे अडवायचे, अशी ही वाटणी. पूर्वीचे गवंडी हा माथा विटा जोडायच्या मालातूनच पातळसा थापून देत. तो काही वर्षांत केसासारखा तडकतो. त्या फटीत पाणी मुरते आणि रात्री गोठते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. दिवसा वितळते, आणखी खोल जाते, रात्री पुन्हा फुगते. एका हिवाळ्यात हे पुष्कळदा होते. पाचरीने लाकूड फोडावे तसा बर्फ माथा फोडतो, मग विटांचे पोपडे निघू लागतात, आणि शेवटी ओल घरात उतरते. घरमालकाला ती दिसते तेव्हा वरचे काम कैक वर्षे बिघडलेले असते.

दुरुस्तीचे शास्त्र साधे आहे. फट बारीक असेल तर माथा घासून, कोरडा करून त्यावर रबरासारखा लवचीक लेप देतात. तुकडे पडले असतील तर जुना थर काढून काँक्रीटचा नवा ओततात. त्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा. तो विटांच्या पुढे दोनेक इंच यायला हवा आणि त्या छज्जाच्या खालच्या अंगाला खाच हवी, म्हणजे पाणी भिंतीला न चिकटता थेंबाने खाली पडते. नळी तापली की वाढते, म्हणून नळी आणि माथा यांच्यात सिमेंट न भरता लवचीक मसाला भरतात. हे काम थंडी ओसरल्यावरच करावे लागते, कारण ओले सिमेंट गोठले की ते वाया गेले. भावाला मी एवढेच कळवले आणि उन्हाळ्यापर्यंत वर ताडपत्री बांधायला सांगितली. त्या हिवाळ्यात शेकोटी पेटवू नको, हेही सांगितले.

ज्या छज्जाचे आणि खाचेचे मी त्याला वर्णन केले ती आपल्या गवंड्यांना नवी नाही. आपल्याकडे बर्फ नाही, पण पाऊस आहे. धूर जातो त्याच भोकातून पाणी येते, ही अडचण जगभर एकच आहे.

आमचे राजगुरुनगर म्हणजे पूर्वीचे खेड. हुतात्मा शिवराम हरी राजगुरूंचा जन्म १९०८ साली इथला, त्यांच्यावरून गावाला हे नाव मिळाले. खेड तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकर. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भीमेबरोबर पूर्वेकडे खाली यावे तसा तो झपाट्याने घटत जातो आणि चाकणच्या बाजूला दुष्काळी छाया सुरू होते. छपरेही त्याच क्रमाने बदलत. डोंगरात गवताची आणि कौलाची उतरती छपरे, पूर्वेला मातीचे सपाट माळवद. एकाच तालुक्यात धुराला दोन वेगळ्या वाटा होत्या.

माळवदाच्या घरात तुळयांवर किलचा, त्यावर पालापाचोळा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. स्वयंपाकघरावर या थरातच एक भोक ठेवत. त्याला सानं म्हणत. त्यातून धूर जाई, उजेड येई. भोकाच्या काठाला माती किंवा चुना थापून ओठ उंच करत, म्हणजे गच्चीवरचे पाणी आत न येता पन्हाळीकडे वळे. पावसाची चाहूल लागली की कुणीतरी वर जाऊन त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा, फुटक्या रांजणाचे बूड किंवा पत्र्याचा डबा पालथा घाली. उघडीप पडली की काढी. उंच ओठ आणि झाकण म्हणजे बफेलोचा माथा आणि टोपीच, फक्त मातीत.

डोंगराकडच्या घरांना भोकाची गरजच नसे. नळीच्या गावठी कौलांच्या फटींतून धूर आपोआप झिरपे. तो वाया जात नसे. आढ्याला आणि वाशांना काजळी धरे आणि त्यामुळे भुंगा व वाळवी लांब राहत. चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसे त्याच धुराने कीड न लागता पुढच्या मृगापर्यंत टिकत. मोबदला घरच्या बाईचे डोळे आणि छाती देत असे. तो हिशेब कुणी मांडला नाही.

दोन्ही प्रकारच्या घरांत एक गोष्ट समान होती. वैशाख सरता सरता घर शाकारायचे. कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा लावायची, माळवदावर नवी पांढरी माती ओढायची, सान्याचा ओठ लिंपायचा. हे काम टाळता येत नव्हते, आणि ते कोणी करायचे हेही ठरलेले असे.

विटादगडांचे खरे धुराडे महाराष्ट्रात आले ते इंग्रजांबरोबर. १८२८च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कमने महाबळेश्वर वसवायला घेतले आणि तिथल्या बंगल्यांत शेकोट्या बांधल्या गेल्या. तिथले बांधकाम जांभ्याचे आणि जांभा पाणी पितो. हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिमकण होतात, तेवढीच तिथली बर्फाशी ओळख. खरा शत्रू पाऊस. म्हणून पावसाळ्याआधी बंगल्यांच्या भिंती गवताच्या झाप्यांनी मढवत आणि साहेब खाली उतरत. पावसाळा संपला की झापे काढायचे. म्हणजे तिथेही घर टिकत होते ते दरवर्षीच्या माणसाच्या हातावरच.

पुढे १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती चपटी, एकमेकांत अडकणारी कौले हळूहळू सगळीकडे पोचली. आमच्या तालुक्यात पैसा आला तसे लोकांनी माळवद आणि गावठी कौले काढून मंगलोरी कौले व पत्रे घातले. गळती थांबली, शाकारणीचा खर्च वाचला. पण फटी बुजल्या आणि सानंही गेले. धूर घरात कोंडला. जुने छप्पर जे दोन प्रश्न एकत्र सोडवत होते, त्यांतला एकच नव्या छपराने सोडवला.

तो दुसरा प्रश्न सोडवायला निर्धूर चूल आली. तिचा इतिहास आपल्याच महाराष्ट्रातून सुरू होतो. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाच्या कामातून ‘मगन चूल’ निघाली. १९५३ साली हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीवर पुस्तिका लिहिली. १९८३-८४मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. नव्वदच्या दशकात डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातल्या ‘आरती’ संस्थेने महाराष्ट्राच्या घरांना मानवतील अशा चुलींवर काम केले, त्यांतली ‘लक्ष्मी’ चूल अनेकांना आठवत असेल. २००२च्या सुमारास केंद्राने कार्यक्रम आवरला तोवर देशभरात बसवलेल्या चुलींचा सरकारी आकडा तीन कोटींच्या वर गेला होता.

धुराड्याच्या चुलीची रचना अशी : चुलीच्या मागून सिमेंटच्या पत्र्याच्या जातीचा पाइप निघे, कौल किंवा पत्रा भेदून छपराबाहेर जाई आणि त्याच्या तोंडावर सिमेंटचीच एक टोपी बसे. गरम धूर हलका असतो, तो पाइपातून वर चढतो आणि आपल्या मागे चुलीतली हवा ओढून घेतो. यालाच ओढ म्हणतात. पाइपाचे तोंड आढ्याच्या खाली राहिले तर वारा छपरावरून उलटा उतरून धूर परत लोटतो. टोपी पाइपावर दाबून बसवली तर ओढ मरते, फार उंच बसवली तर पाऊस तिरका आत येतो. पाइपाच्या रुंदीइतकी मोकळी जागा ठेवावी, हा कारखान्यातला ठोकताळा. ओल्या गोवऱ्या आणि लाकूड जाळले की पाइपात डांबरासारखी काजळी धरते, ती महिन्या-दोन महिन्यांनी झाडावी लागते.

आमच्या घरी अशी चूल १९८८ साली बसली. मी एकोणीस वर्षांचा होतो, आयटीआय संपवून भोसरीला उमेदवारी करत होतो. बसवणाऱ्याने लाभार्थी म्हणून आईचा अंगठा घेतला, पाइप उभा केला, टोपी ठेवली आणि तो पुढच्या घरी गेला. त्याला मोबदला चुलीमागे होता. वर्षभर आईचे डोळे कोरडे राहिले. दुसऱ्या वळवात टोपी उडून परसात फुटली. पाइपातून पाणी थेट चुलीत उतरू लागले. मातीची चूल भिजली, पाइपाभोवतीचे कौलही गळू लागले.

आईने मला विचारले, ‘आरं, वरून पानी कुठनं येतंय बघ की. तू तर पत्र्याचंच काम करतोस.’ मी रविवारी बघतो म्हणालो. तो रविवार आला नाही. पुढच्या पावसाआधी वडिलांनी वर चढून पाइपाच्या तोंडावर तेलाचा डबा ठोकून बसवला. पाणी थांबले आणि धूर पुन्हा घरात आला. आईने तशाच चुलीवर आणखी चौदा वर्षे भाकऱ्या थापल्या. आज ती ऐंशीच्या पुढे आहे, जिना चढताना दोनदा थांबते. डॉक्टरांनी फुप्फुसाचे कारण विचारले तेव्हा मी विडी नाही, तंबाखू नाही, एवढेच सांगितले. चुलीचे सांगितले ते नंतर, खाली मान घालून.

त्या काळात मी कारखान्यात किती धुराड्यांना शंकूच्या टोप्या बसवल्या, त्याची गणती नाही. तिथे प्रत्येक धुराड्याला क्रमांक होता, तपासणीचा तक्ता होता, आणि तक्त्यावर सही करणारा माणूस होता. घरच्या पाइपाला यातले काहीच नव्हते. जुन्या सान्याचे झाकण घरातल्याच कुणाच्या तरी अंगवळणी पडलेले होते. नवा पाइप सरकारचा, म्हणून तो आमच्या शाकारणीत कधी आलाच नाही, आणि सरकारच्या लेखी तो बसवला त्या दिवशीच पुरा झाला होता.

हे माझ्या घरापुरते असते तर मी लिहिले नसते. ओडिशात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी धुराड्याच्या सुधारित चुलींचा सुमारे २६०० कुटुंबांत चार वर्षे अभ्यास केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फायदा उरला नाही. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभाल झाली नाही. त्या निबंधातले आकडे वाचताना मला परसात फुटलेली टोपी दिसत होती. बायकांना निर्धूर चूल नको होती, त्यांना सवय नव्हती, असे पुष्कळदा लिहिले गेले आहे. माझ्या आईचे म्हणणे वेगळे आहे. ती म्हणते, ‘चूल लई चांगली हुती. टोपी गेली आन् तिचं नशीब फुटलं.’

आता घरी गॅस आहे. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेने तो वस्तीवरही पोचला. तरी सिलिंडरचा भाव आणि आंघोळीचे पाणी यांमुळे परसातल्या चुली विझलेल्या नाहीत. गेल्या मे महिन्यात बफेलोत माथ्याचे नवे काँक्रीट पडले, त्याच आठवड्यात मी आमच्या परसातल्या चुलीचा पाइप आढ्याच्या वर नेला आणि त्याला जस्ती पत्र्याची टोपी केली : शंकू, तीन पाय, खाली पट्टीची कडी आणि एक नटबोल्ट, म्हणजे काजळी झाडायला ती काढता यावी. पाइप जिथे पत्र्यातून निघतो तिथे पत्र्याचीच गळपट्टी बसवली. दोन तासांचे काम होते.

टोपीच्या आतल्या बाजूला मी रंगाने तारीख घातली आहे आणि तिच्याखाली बारा रेघा आखून ठेवल्या आहेत. दर वैशाखात वर चढून एकेक रेघ खोडायची. या वर्षीची खोडली. पुढची खोडताना नातवाला बरोबर नेईन म्हणतो.