एक पेनीपासून पंचेचाळीस पैशांपर्यंत : प्रवासाच्या विम्याची गोष्ट

आषाढी जवळ आली की आपल्या मुदखेडच्या स्टेशनावर पिशव्या, टाळ, पाण्याच्या बाटल्या यांची गर्दी होते. कुणी रेल्वेनं, कुणी एसटीनं, कुणी चार घरांनी मिळून केलेल्या टेम्पोनं पंढरपूरला निघतं. मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मोबाईलवर तिकीट काढताना विमा पाहिजे का म्हणून विचारतंय. हो म्हणावं का नाही?" पंचेचाळीस पैशांचा प्रश्न होता, पण त्यावर अर्धा तास बोलणं चाललं. दाव्यापेक्षा शब्दांनीच सगळ्या अडल्या होत्या. विमा रक्कम, वारस, अंशतः अपंगत्व, वगळलेल्या बाबी हे सगळे शब्द कुणाच्या तरी प्रवासातून आले आहेत. ते कुठून आले हे कळलं की त्यांची भीती वाटत नाही. म्हणून आज थोडा इतिहास सांगते.

सुरुवात आपल्याच भागातून करू. धाराशिव जिल्ह्यातलं तेर आज लहान गाव आहे, पण दोन हजार वर्षांपूर्वी ते मोठी बाजारपेठ होतं. त्या काळातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात पैठण आणि तेर या दोन्ही गावांची नावं आहेत. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तेर पूर्वेला आणखी दहा दिवस, असं त्यात लिहिलं आहे. कापड गाड्यांवर लादून डोंगर आणि जंगलातून भडोचला जायचं, आणि पुढं जहाजानं समुद्रापार. वाटेत चोर, वाघ, पूर, वादळ असं सगळंच होतं.

अशा प्रवासाला पैसे देणारा सावकार काय करायचा? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि याज्ञवल्क्य स्मृतीत व्याजाचे दर दिले आहेत. तारण ठेवून घेतलेल्या कर्जाला महिन्याला शेकडा सव्वा. जंगलातून जाणाऱ्या व्यापाऱ्याला शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस! आपल्या गटात कर्जाचं व्याज शेकडा दोन लावलं तरी केवढी चर्चा होते, आठवा. हे जास्तीचं व्याज सावकाराच्या हावेचं होतंच, पण त्यात प्रवासाचा धोकाही मोजलेला होता. धोक्याला आकड्यात किंमत लावणं हीच विम्याची पहिली पायरी. याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' नावाची गाजलेली टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हा चालुक्यांच्या कल्याणीचा. म्हणजे आपल्या लातूरच्या सीमेला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा. हे नाव लक्षात ठेवा, वारसाची गोष्ट निघाली की ते पुन्हा येईल.

पुढं पश्चिम किनाऱ्यावरच्या पेढ्यांमध्ये 'जोखमी हुंडी' चालू झाली. साधी हुंडी म्हणजे ठरलेल्या दिवशी पैसे द्यायचं वचन. जोखमी हुंडीत मात्र माल सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे. जहाज बुडालं तर हुंडी घेणाऱ्याचे पैसेही बुडाले. एकाच कागदात उसनवारी आणि विमा! 'जोखीम' हा शब्द विम्याच्या कागदांवर आजही आहे. 'विमा' शब्दाबद्दल सांगतात की तो फारसीतल्या 'बीम' या शब्दाच्या घराण्यातला आहे, आणि बीम म्हणजे भीती.

इथपर्यंत विमा होता तो मालाचा. माणसाच्या प्रवासाचा विमा आणला रेल्वेनं.

इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात रेल्वेचं वेड लागलं होतं. मार्ग भराभर वाढले आणि अपघातही. त्या आधीच्या इंग्रजी कायद्यात एक विचित्र गोष्ट होती. दुसऱ्याच्या चुकीनं माणूस जखमी झाला तर तो भरपाई मागू शकत असे, पण जागीच मेला तर त्याच्या बायकोला काहीच मागता येत नसे. मारणं जखमी करण्यापेक्षा स्वस्त होतं म्हणा ना. १८४६ साली ब्रिटिश संसदेनं कायदा करून हे बदललं. मागोमाग लंडनमध्ये 'रेल्वे पॅसेंजर्स अश्युरन्स कंपनी' निघाली आणि स्टेशनावरच्या तिकीट खिडकीवर प्रवासाच्या तिकिटाबरोबर विम्याचं तिकीटही मिळू लागलं. पहिल्या वर्गाच्या प्रवाशानं तीन पेनी द्यायचे, मेला तर घरच्यांना हजार पौंड. दुसऱ्या वर्गाला दोन पेनीत पाचशे. तिसऱ्या वर्गाला एक पेनीत दोनशे.

यातला एक पेनी म्हणजे 'हप्ता' आणि दोनशे पौंड म्हणजे 'विमा रक्कम'. विम्याचे हे दोन मुख्य शब्द तिथं एका चिठ्ठीवर शेजारी शेजारी छापले गेले. मला मात्र वर्गांचा हिशोब खटकतो. लाकडी बाकावर बसणाऱ्याच्या घरची चूल काही कमी खर्चात पेटत नाही. आपल्याकडं आज रेल्वेच्या विम्यात स्लीपर असो की एसी, रक्कम एकच आहे. ही चांगली सुधारणा म्हणायची.

आपल्याकडं पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावली. दोनच वर्षांनी, १८५५ साली, इंग्रज सरकारनं प्राणांतिक अपघातांचा कायदा केला. मेलेल्या माणसाची पत्नी, पती, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी भरपाई मागता येईल, असं त्यात लिहिलं. त्या काळात विधवेला घरात काय मान होता हे आपल्याला आजीकडून ठाऊक आहे. हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदासुद्धा एक वर्ष नंतरचा, १८५६ चा. तरी भरपाईच्या यादीत पत्नीचं नाव स्पष्ट होतं.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. इंग्रजांचे कायदे इथं आपोआप लागू होत नसत. १९०० च्या सुमाराला हैदराबाद–गोदावरी खोऱ्याची रेल्वे मनमाडपर्यंत गेली, मुदखेडला गाडी आली आणि पुढं आदिलाबादकडं फाटा फुटून आपलं जंक्शन झालं. अंदाज करा, त्या मीटरगेज गाडीत बसलेल्या किती बायांना भरपाई हा शब्द तरी माहीत असेल.

आता वारस. वारसा कुणाचा, या प्रश्नावर विज्ञानेश्वराची मिताक्षरा आठशे वर्षं आपल्याकडच्या कोर्टकचेऱ्यांत प्रमाण मानली गेली. विम्यात मात्र दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांची गल्लत होते. 'नामनिर्देशित', म्हणजे नॉमिनी, हे तुम्ही स्वतः फॉर्मवर लिहिलेलं नाव. कंपनी पैसे त्याच्या हातात देते. 'कायदेशीर वारस' कायद्यानं ठरतात. नॉमिनीचा रकाना रिकामा राहिला की वारस दाखला काढावा लागतो आणि तहसील, वकील, तारखा सुरू होतात. एका रकान्यापायी वर्ष जातं.

रेल्वेच्या अपघाताचा कायदा आज १९८९ चा आहे. गाडी घसरली, धडकली तर भरपाई. १९९४ साली त्यात मोठी भर पडली. गाडीतून चुकून पडणं, गाडीत दरोडा, दंगल, हल्ला, जाळपोळ अशा 'अनुचित घटनां'नाही भरपाई मिळू लागली. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूची रक्कम चार लाखांवरून आठ लाख झाली. हा विमा नाही, याला हप्ता नाही. खिडकीवर काढलेल्या जनरल तिकिटालाही हा हक्क आहे. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडं, सर्वसाधारणपणे एक वर्षाच्या आत करायचा. तिकीट सापडलं नाही तर? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्र करून परिस्थिती मांडावी, मग पुढचं सिद्ध करणं रेल्वेवर येतं. पण आत्महत्या, नशा, स्वतःचा गुन्हा किंवा आजारानं आलेला मृत्यू यांना ही भरपाई नाही. अशा यादीलाच विम्याच्या भाषेत 'वगळलेल्या बाबी' म्हणतात. कुठलाही कागद हातात आला की आधी ही यादी वाचावी. मिळणाऱ्या रकमा मोठ्या अक्षरात असतात, ही यादी बारीक अक्षरात.

मोठ्या अपघातानंतर सरकार जी तातडीची मदत जाहीर करतं ती 'सानुग्रह', म्हणजे खुशीनं दिलेली. सप्टेंबर २०२३ पासून रेल्वे अपघातातल्या मृत्यूला ती पाच लाख आहे. ती मिळाली म्हणून आठ लाखांचा हक्क संपत नाही, आणि विमा काढला असेल तर तो तिसरा, वेगळा. गावात पहिला चेक आला की सगळं मिटलं असं समजतात. तसं नसतं.

आता त्या पंचेचाळीस पैशांकडं येऊ. १ सप्टेंबर २०१६ ला आयआरसीटीसीनं ऑनलाईन तिकिटावर ९२ पैशांत विमा सुरू केला. त्याच वर्षी डिसेंबरपासून तो फुकट केला आणि सप्टेंबर २०१८ पासून पुन्हा ऐच्छिक, पैसे भरून. जून २०२३ ला ओडिशात बालासोरचा भीषण अपघात झाला तेव्हा हप्ता ३५ पैसे होता, सध्या ४५ आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दहा लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर साडेसात लाख, दवाखान्याच्या खर्चाला दोन लाखांपर्यंत, पार्थिव घरी नेण्यासाठी दहा हजार.

पण हा विमा फक्त ऑनलाईन तिकिटाला, तेही कन्फर्म किंवा आरएसी असेल तर. खिडकीवरच्या तिकिटाला नाही, वेटिंगला नाही. आपल्यापैकी बहुतेकजणी तिकीट काढतात ते चौकातल्या ऑनलाईन सेंटरवर. तिथं मोबाईल नंबर आणि ईमेल दुकानदार स्वतःचाच टाकतो. पॉलिसीचा मेसेज त्याच्याकडं जातो, आणि नॉमिनीचं नाव भरायची लिंकही त्याच मेसेजमध्ये असते. म्हणून सांगा, "भाऊ, नंबर माझा टाका, आणि विम्याला हो म्हणा." घरी आल्यावर नातीकडून, सुनेकडून नॉमिनी भरून घ्या.

एसटीचं वेगळं आहे. २०१६ पासून तिकिटात अपघात सहायता निधीचा एक रुपया धरलेला असतो. तिकीट फेकू नका, एवढं पुरे.

टेम्पोबद्दल मात्र जरा थांबून बोलते, कारण सगळ्यात मोठी फसगत इथं होते. वाहनाचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, १९३९ च्या मोटार कायद्यातच ती तरतूद होती, आता १९८८ चा कायदा आहे. 'तृतीय पक्ष' कोण? पहिला गाडीमालक, दुसरी कंपनी, आणि तिसरा ज्याचं गाडीमुळं नुकसान झालं तो. आपल्याला वाटतं, गाडीचा विमा आहे म्हणजे आत बसलेल्या सगळ्यांचा आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. मालाचा मालक मालासोबत असेल तर गोष्ट वेगळी, त्याच्यासाठी १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आहे. म्हणजे फुलांच्या करंड्या घेऊन नांदेडच्या बाजाराला निघालेली आपली ताई स्वतःच्या मालासोबत असते, पण त्याच टेम्पोत लग्नाला किंवा वारीला निघालेल्या वीस बाया नसतात. गाडीमालकावर दावा करता येतो, पण त्याच्याकडं असतं काय? तो टेम्पोच, तोही हप्त्यावर. वर्गणी काढून गाडी ठरवायची तर प्रवासी परवान्याची ठरवा, डोकी मागं शंभर रुपये जास्त गेले तरी.

प्रवासाचं साधन कोणतंही असो, लागू होतो तो आपल्या ओळखीचा विमा, २०१५ ची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. आधी वर्षाला १२ रुपये होते, १ जून २०२२ पासून २० झाले. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यूला दोन लाख. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गेले, किंवा एक डोळा आणि एक हात किंवा पाय गेला, तरी दोन लाख. एकच डोळा, एकच हात किंवा एकच पाय गेला तर एक लाख. 'अंशतः अपंगत्व' म्हणजे हे. हात मोडून प्लास्टर घातलं तर या योजनेत काही नाही. साप चावून मृत्यू हा अपघात धरतात, दवाखान्याची नोंद मात्र हवी. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणून मे महिन्याच्या शेवटी खात्यात वीस रुपये शिल्लक असलेच पाहिजेत.

आणि वाटेत चालता चालता छातीत कळ येऊन माणूस गेला तर? विम्याच्या भाषेत तो अपघात नाही. अपघात म्हणजे बाहेरून, अचानक आलेलं संकट. वारीत उन्हातान्हात चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ही अट फार टोचते. २०२३ साली राज्य सरकारनं वारकऱ्यांसाठी विठ्ठल-रुक्मिणी विमाछत्र योजना जाहीर केली. वारीच्या तीस दिवसांसाठी, मृत्यूला पाच लाख, कायमच्या अपंगत्वाला एक लाख, अंशतः अपंगत्वाला पन्नास हजार. त्यात एक ओळ वेगळी होती : वारीत आजारी पडलं तर औषधोपचाराला पस्तीस हजारांपर्यंत. यंदा दिंडीत नाव नोंदवताना दिंडीप्रमुखांना विचारा की या वर्षी योजना आहे का, आणि त्यात आजाराची ती ओळ आहे का.