उयुनी, सालार दे

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियाच्या नैर्ऋत्य भागात, अँडीजमधील आल्तिप्लानो पठारावरचे मिठाचे मैदान. उंची समुद्रसपाटीपासून सु. ३,६५० मी.; क्षेत्रफळ १०,००० चौ. किमी.हून अधिक. मिठाचे एवढे विस्तीर्ण मैदान जगात दुसरे नाही. ‘सालार’ म्हणजे स्पॅनिशमध्ये मिठाचे मैदान. ‘उयु’ हा आयमारा भाषेत गुरामेंढरांच्या वाड्याला शब्द आहे.

या पठारावरच्या पाण्याला समुद्राकडे जायला वाट नाही. डोंगरांतून वाहून आलेले क्षार इथेच साचत राहतात. हिमयुगाच्या उत्तरकाळात येथे ताउका नावाचे मोठे सरोवर होते. ते आटले आणि तळाशी मीठ उरले. उत्तरेकडचे कोइपासाचे लहान मैदानही त्याचाच अवशेष.

या मैदानाचे खरे नवल त्याच्या पांढरेपणापेक्षा सपाटपणात आहे. एवढ्या अफाट पसाऱ्यात पृष्ठभागाचा चढउतार जेमतेम मीटरभर! डिसेंबर ते मार्च या पावसाळ्यात त्यावर पाण्याचा पातळ थर पसरतो, उंचवट्यांवरचे मीठ विरघळते, खोलगट जागी बसते. पाणी उडून गेले की सारवलेल्या अंगणासारखी जमीन पुन्हा एकसारखी होते. म्हणूनच उपग्रहांवरील उंचीमापक उपकरणे या मैदानावरून तपासून घेतात. पाणी असताना वारा पडला, की आभाळ पायाखाली उतरते आणि क्षितिजाची रेघ पुसली जाते. कोरड्या दिवसांत मिठावर बहुकोनी चौकटी उमटतात. कवचाखालचे जड, अधिक खारट पाणी जिथे खाली बसते, तिथे या चौकटींच्या कडा वर येतात.

मैदानाच्या मध्यात इन्काउआसी हे खडकाळ बेट आहे. त्यावर माणसाच्या कितीतरी पट उंच निवडुंग वाढतात. उत्तरेला तुनुपा हा ज्वालामुखी पर्वत आहे. स्थानिक कथेत तुनुपा ही स्त्री असून तिच्या दुधातून व आसवांतून हे मैदान झाले, असे सांगतात.

कवचाखालच्या खाऱ्या पाण्यात लिथियमचा प्रचंड साठा आहे. विजेच्या बॅटऱ्यांमुळे त्याला मागणी आली. मात्र पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या या भागात उत्खननाला किती पाणी लागेल, ही आसपासच्या गावांची चिंता रास्तच आहे.

काठावरच्या कोल्चानी गावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मिठावर जगत आली. ती मीठ खरवडून त्याचे लहान ढीग लावतात. पाणी निथळले, की घरी नेऊन वाळवतात. पूर्वी कुऱ्हाडीने तोडलेले मिठाचे ठोकळे लामांच्या पाठीवरून दूरच्या खोऱ्यांत जात आणि बदल्यात मका येई. अशा ठोकळ्याच्या कडेला पांढऱ्या थरांमध्ये मातीच्या बारीक तपकिरी रेघा दिसतात.