एका चुलीचे वसतिगृह

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी 1949 पर्यंत वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. भाऊराव पाटलांच्या कामाकडे पाहताना ही जुनी हद्द ध्यानात ठेवावी. त्यांचे घराणे वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे, जन्म कुंभोजचा (1887), आणि त्यांच्या कामाची मुख्य जागा सातारा शहर.

पण सुरुवात कोल्हापुरातून करायला हवी, कारण वसतिगृहाला राजाश्रय देण्याची कल्पना तिथे रुजली. शाहू महाराजांनी 1896 मध्ये राजाराम कॉलेजला जोडून काढलेले वसतिगृह सर्व जातींसाठी होते. व्यवहारात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच राहिले. तेव्हा महाराजांनी मार्ग बदलला. 1901 मध्ये मराठा आणि जैन, 1906 मध्ये मुसलमान, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, अशी एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. जागा आणि वार्षिक मदत दरबाराची, कारभार त्या त्या समाजाचा. यावर जातवार विभागणीचा आक्षेप आजही घेतला जातो. मला तो अर्धवट वाटतो. सर्वांसाठी उघडलेल्या दारातून एकच वर्ग आत शिरतो, हे महाराजांनी डोळ्यांनी पाहिले होते.

भाऊराव शिकले ते जैन बोर्डिंगात. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसायचे नाही, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे दरबाराच्या मदतीवर चालणाऱ्या एका वसतिगृहात, दरबाराच्याच मदतीवर चालणाऱ्या दुसऱ्या वसतिगृहाचा विटाळ मानला जात होता! मदत दोन्हींना पोचत होती, पंगत मात्र वेगळी होती.

पुढे 1910 च्या सुमारास भाऊराव आणि त्यांच्या मित्रांनी दूधगावला विद्यार्थी आश्रम काढला. हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यातले. तिथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहू लागली. नंतर किर्लोस्करांचे नांगर विकत त्यांनी गावे पालथी घातली. शेतकऱ्याच्या घरात पोर हुशार असूनही शाळा का सुटते, हे बहुधा त्या फिरतीतच पक्के कळले असावे. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी गांधीजींनी त्याला शाहू छत्रपतींचे नाव दिले. ज्यांनी वेगवेगळी बोर्डिंगे काढली, त्यांचेच नाव एकत्र बोर्डिंगाला मिळाले. भाऊरावांना त्यात काही विसंगत वाटले नाही. विद्यार्थी म्हणून त्यांनी महाराजांचा आसरा घेतला होता.

सातारा ब्रिटिश मुलखात होते. तिथे पाठीशी राजा नव्हता. मुले घरून धान्य आणीत, गावोगाव मूठ-मूठ धान्य गोळा होई, आणि ते संपले की लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले जात. मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही. 1930 मध्ये त्या वारल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुतेक त्यागाची मूर्ती म्हणून येतो. मला त्यांचे स्वयंपाकघर जास्त महत्त्वाचे वाटते. जैन घरातल्या बाईने महार, मांग, मराठा, मुसलमान पोरांना एका चुलीवरचे वाढणे, ही त्या काळी ठरावाने किंवा अनुदानाने होणारी गोष्ट नव्हती. याच वसतिगृहातले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1932 मध्ये पुणे कराराची आठवण म्हणून पुण्यात निघालेले युनियन बोर्डिंगही याच धर्तीचे.

सरकारी मदत भाऊरावांनी कधी नाकारली नाही. शाळा वाढल्या तशी तिची गरजही वाढली, आणि तिची किंमत 1948 मध्ये कळली. गांधीहत्येनंतर त्यांनी जाहीर भाषणात सरकारवर टीका केली आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारने संस्थेचे अनुदान रोखले. ज्या वसतिगृहाला गांधीजींनी नाव दिले, त्याच्या संस्थेवर गांधीजींच्या अनुयायांच्या राज्यात ही वेळ आली. लोकांनी वर्गणी काढून काम चालू ठेवले. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले.

आज महाराष्ट्रात सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण आणि अल्पसंख्याक विकास या चार खात्यांची वसतिगृहे आहेत. कोल्हापूरचा नमुना सरकारने उचलला, आणि त्यामुळे असंख्य मुले शिकली. साताऱ्याच्या नमुन्यासाठी मंत्रालयात अजून वेगळे खाते नाही.